मोबाईल टॉवर : भीती किती, खबरदारी किती?

मोबाईल टॉवरचा विषय निघाला की आमच्या बिरवाडीच्या बाजारपेठेत लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, टॉवर आला म्हणजे मोहल्ल्यात कॅन्सर आला, लहान मुलांची झोप गेली, डोक्याचे केस गेले. दुसरा तट म्हणतो, ही सगळी अफवा आहे, महिन्याला घरबसल्या भाडे मिळते, ते सोडायचे कशाला? दोन्ही बाजूंचे लोक आवाज चढवून बोलतात आणि दोन्ही बाजूंनी तहकीक कोणी केलेली नसते. आम्हीही बरीच वर्षे दुसऱ्या तटात होतो, हे आधीच कबूल करतो.

आमचे कापडाचे दुकान बाजारात आहे. खाली दुकान, वर मालाची खोली, त्यावर राहते घर आणि वर मोकळी गच्ची. काही वर्षांपूर्वी एक दलाल आला. गच्ची टॉवरसाठी द्या, वीस वर्षांचा करार करू, भाडे दर महिन्याला बँकेत जमा होईल, असे त्याने सांगितले. धंद्यात मंदी होती. महाडला नि माणगावला मोठी दुकाने झाली, तरुण मंडळी मोबाईलवरच कपडे मागवू लागली. अशा वेळी बसल्या जागी येणारा पैसा कोणाला नको? आम्ही सही करायच्या बेतात होतो. तेव्हा शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या मुलीने विचारले, "अब्बा, अँटेना किती बसणार? त्यांची तोंडे कोणत्या बाजूला? समोर त्याच उंचीवर कोण राहतो? आणि आपली इमारत हे वजन पेलेल, हे लिहून कोण देणार?"

चारही प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते. तीस वर्षे आम्ही कापड विकतो. साधा तागा घेतानासुद्धा सूत किती नंबरचे, पन्हा किती, रंग पक्का की कच्चा, हे विचारल्याशिवाय पैसे मोजत नाही. आणि इथे वीस वर्षांसाठी घराचे छप्पर द्यायला निघालो होतो, तेही काही न विचारता! त्या दिवसापासून आम्ही हा विषय समजून घ्यायला बसलो. जे समजले ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

लहर म्हणजे काय?

मोबाईल टॉवरमधून निघतात त्या रेडिओ लहरी होत. आकाशवाणीचा कार्यक्रम घरी पोचवणाऱ्या, दूरदर्शनच्या, वायफायच्या लहरी याच कुळातल्या. एक्स-रे आणि अणुभट्टीतले किरण वेगळ्या कुळातले. एक्स-रेमध्ये इतकी ताकद असते की तो शरीरातल्या पेशींच्या आत तोडफोड करू शकतो. रेडिओ लहरीच्या एका कणात तेवढी ताकद नसते. ती जास्त प्रमाणात अंगावर पडली तर शरीर तापवते. हा तिचा सिद्ध झालेला परिणाम आहे. सुरक्षेच्या मर्यादा प्रामुख्याने याच तापण्याच्या हिशेबावर बांधलेल्या आहेत.

म्हणून 'रेडिएशन' हा एकच शब्द ऐकून हिरोशिमाची आठवण काढणे बरोबर नाही. तसेच 'ही तर रेडिओची लहर' म्हणून अँटेनाला पाठ टेकून बसणेही बरोबर नाही. विस्तव चूल पेटवतो आणि हातही भाजतो. किती जवळ आणि किती वेळ, हाच प्रश्न असतो.

अँटेनाचा हिशेब

टॉवर म्हणजे लोखंडी सांगाडा. त्यातून लहर निघत नाही. लहर निघते ती त्यावर उभ्या लावलेल्या लांबट, पांढऱ्या किंवा राखाडी पेट्यांतून. त्या पेट्या म्हणजे अँटेना. बहुधा तीन दिशांना तीन अशा त्या लावतात. प्रत्येक पेटी आपल्या तोंडासमोर लहर फेकते, मागे व खाली फार थोडी जाते. टॉर्चचा झोत जसा समोर पडतो तसे समजावे. फरक इतकाच की हा झोत आडवा पसरट असतो आणि उभा अगदी अरुंद असतो.

यातून एक गोष्ट निघते, जी आमच्या ध्यानात कधी आली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसे अँटेनाच्या बरोबर खालच्या घरात लहर कमी पोचते. एक तर झोत तिथे नसतो, दुसरे म्हणजे मध्ये सिमेंटचा स्लॅब असतो. जास्त लहर पोचते ती समोरच्या, तेवढ्याच उंचीच्या घराला. म्हणजे भाडे आमचे आणि लहर शेजाऱ्याची! हा हिशेब समजला त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही. शेजाऱ्याचा हक्क हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो गच्चीच्या करारात कोठे लिहिलेला नसतो.

आता आकडे पाहू. धरा की एका अँटेनाला २० वॅट शक्ती दिली. अँटेना ती सगळीकडे न पसरवता एका बाजूला गोळा करते, त्यामुळे झोताच्या मध्यावर ती साधारण ५० पट भासते. म्हणजे १,००० वॅटचा दिवा लावल्यासारखे झाले. ही शक्ती अंतराबरोबर पसरत जाते. अंतर दुप्पट झाले की जोर चौथाई होतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो. या हिशेबाने झोताच्या अगदी मध्यावर, मध्ये आडोसा नसताना, १० मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ०.८ वॅट पडतात. २० मीटरवर ०.२ वॅट, ५० मीटरवर ०.०३ वॅट आणि १०० मीटरवर ०.००८ वॅट. १० मीटरवरून १०० मीटरवर गेलो की जोर शंभरावा हिस्सा झाला. भिंत, झाड, डोंगर मध्ये आला तर आणखी कमी. म्हणून 'टॉवर दिसतो' एवढ्यावरून काही ठरत नाही. अंतर किती, आपण झोतात आहोत की नाही आणि अँटेना किती, यावर सगळे ठरते.

सरकारी मर्यादा

आपल्या देशात मोबाईलवरून पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्यानंतर बरीच वर्षे टॉवर वाढत गेले आणि लहरींचा नियम मागून आला. १९९८ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाने लहरींच्या मर्यादा ठरवून दिल्या होत्या. भारताने त्या २००८ साली स्वीकारल्या. पुढे मुंबईत व इतर शहरांत तक्रारी वाढल्या. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार खात्याला अहवाल देऊन या मर्यादा फारच ढिल्या आहेत असे बजावले. केंद्र सरकारने नेमलेल्या निरनिराळ्या मंत्रालयांच्या समितीनेही मर्यादा कडक करण्याची शिफारस केली. त्यानुसार १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा हिस्सा ही मर्यादा लागू झाली.

ती अशी. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० मेगाहर्ट्झला ०.९ वॅट, २००० मेगाहर्ट्झच्या वर १ वॅट. आधी हेच आकडे अनुक्रमे ४.५, ९ आणि १० होते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले. त्याच्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीला याच सूत्राने ०.३५ वॅट येतात. एका टॉवरवर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना असतील तर प्रत्येकीचा वेगळा हिशेब चालत नाही. सगळ्यांची बेरीज मर्यादेच्या आत बसली पाहिजे.

वरच्या उदाहरणाशी ताडून पाहा. ९०० मेगाहर्ट्झच्या एका अँटेनासमोर १० मीटरवर ०.८ वॅट, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. २० मीटरवर ०.२ वॅट, म्हणजे आत. सरकारी सूचनेतले अंतर काही हवेतून आलेले नाही, हे यावरून कळते.

अंतराचा नियम

दूरसंचार खात्याने राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांत, अँटेनाच्या समोर त्याच उंचीवरील इमारत किती लांब असावी हे दिले. एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५, सहा असतील तर ५५, आठ असतील तर ६५, दहा असतील तर ७० आणि बारा असतील तर ७५ मीटर. इथे अँटेनाची संख्या म्हणजे त्याच एका दिशेला तोंड असलेल्या अँटेना. हे अंतर समोरचे आहे, खालचे किंवा मागचे नव्हे.

याच सूचनांत असेही आहे की गच्चीवर टॉवर असेल तर ती गच्ची इतर वापराला बंद ठेवावी, दाराला कुलूप असावे, कुंपण असावे आणि धोक्याची पाटी लावावी. आता आपल्याकडे गच्चीवर काय काय होते ते आठवा. सुकी मासळी, आमसुले, मिरच्या, पापड, धुतलेले कपडे, रंगवलेले सूत, मुलांचे पतंग. टॉवर घेणाऱ्याने ही गच्ची आपली राहिली नाही असे समजूनच घ्यावा. पाटीला नमस्कार करून पापड वाळवत बसणे हा नियमाचा भंग आहे आणि त्यात धोका आपल्याच घरातल्या माणसांना आहे.

कॅन्सरचे काय?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून जितके ठाऊक आहे तितके साफ लिहितो.

३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कॅन्सरला कारण होऊ शकतील' अशा गटात घातले. या गटाचा अर्थ असा की पुरावा थोडा आहे, पुरा नाही. तो थोडा पुरावाही मुख्यतः कानाला फोन लावून फार वेळ बोलणाऱ्यांचा होता, टॉवरजवळ राहणाऱ्यांचा नव्हता. पुढे २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्याच सांगण्यावरून अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. टॉवरच्या लहरींमुळे लहान मुलांत रक्ताचा किंवा मेंदूचा कॅन्सर वाढल्याचेही त्यात दिसले नाही.

कोर्टांतही हा विषय गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा आणि दवाखान्यांवरील टॉवर हटवण्याचा हुकूम दिला. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरच्या एका रुग्णाच्या अर्जावर शेजारचा टॉवर बंद करायला सांगितले. तो हुकूम त्या एका टॉवरपुरता होता. आपल्या राज्यात सांगली जिल्ह्यातील चिकुर्डे ग्रामपंचायतीने टॉवरचे काम थांबवण्याचा ठराव केला होता. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि टॉवरच्या लहरींनी कॅन्सर होतो असा शास्त्रीय आधार पुढे आलेला नाही असे म्हटले. फाइव्ह-जीच्या विरोधात अभिनेत्री जुही चावला यांनी केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये फेटाळला आणि वर दंड ठोठावला. तो दंड पुढे कमी झाला.

यातून व्यापारी माणसाने काय घ्यावे? मोहल्ल्यातल्या आजारी माणसाकडे बोट दाखवून 'हे टॉवरमुळे' असे म्हणू नये. त्यात त्या घरच्यांचे दुःख वाढते, आणि तंबाखू, मावा, धूर यांसारखी खरी कारणे झाकली जातात. आमच्या मोहल्ल्यात असे एकदा झाले. एका बाईंच्या आजाराचे खापर टॉवरवर फोडले गेले, दोन घरांचे बोलणे बंद झाले आणि बाईंचे औषधोपचार मात्र उशिरा सुरू झाले. त्या उशिराची किंमत त्या घराने मोजली. मर्यादेच्या आत असलेल्या टॉवरची भीती बाळगू नये. मर्यादेच्या बाहेर असल्याचा शक असेल तर मोजणी मागावी, भांडण मागू नये.

आणखी एक उलटा वाटणारा मुद्दा. टॉवर लांब असेल तर आपल्या हातातला फोन ओरडून बोलतो, म्हणजे जास्त शक्तीने लहर सोडतो. आमच्या भागात सह्याद्रीचे डोंगर, वरंध्याच्या बाजूची खोरी, त्यात रेंजची एकच काडी. अशा ठिकाणी कानाला लावलेल्या फोनची लहर डोक्याला टॉवरपेक्षा कितीतरी जास्त लागते. म्हणून रेंज कमी असेल तिथे लांबलचक बोलू नये, स्पीकर लावावा किंवा वायर कानाला लावावी. फोनलाही मर्यादा आहे, शरीराच्या दर किलोला १.६ वॅट. आपल्या फोनचा आकडा पाहायचा असेल तर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश ही बटणे दाबावीत, बहुतेक फोनवर तो दिसतो.

गच्चीवर काम करणाऱ्या कारागिरांसाठी

हा भाग आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. टॉवरपासून खरा धोका कोणाला? रस्त्यावरून जाणाऱ्याला नाही. तो आहे रंगारी, वेल्डर, पत्रे बसवणारे, वॉटरप्रूफिंग करणारे, पाण्याची टाकी धुणारे, सोलर आणि डिश बसवणारे यांना. हे काम करणारी निम्मी पोरे आपल्याच घरांतली आहेत. ती अँटेनाच्या तोंडासमोर दोन हातांवर उभी राहून दिवसभर काम करतात आणि त्यांना कोणी काही सांगत नाही.

आमच्या ओळखीचा एक रंगारी मुलगा एका इमारतीची वरची भिंत रंगवत होता. अँटेना त्याच्या छातीसमोर होती. दुपारी त्याला अंग गरम वाटू लागले, डोके जड झाले. तो उन्हाचा परिणाम समजून पाणी पिऊन पुन्हा चढला. मुकादमाने अँटेनाबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. ऊन किती आणि लहर किती, हे आज कोणी सांगू शकणार नाही. मुलगा आज बरा आहे. पण त्या जागी तो उभाच राहायला नको होता, हे नक्की. सबब आमच्या कारागीर बांधवांनी हे नियम पाठ करावेत.

एक, गच्चीवर चढण्याआधी अँटेना कोठे आहेत आणि त्यांची तोंडे कोणीकडे आहेत ते खालून पाहून घ्यावे. कधी अँटेना भिंतीच्या रंगाने रंगवलेली किंवा पत्र्याच्या आड लपवलेली असते.

दोन, अँटेनासमोर काम असेल तर मालकाला सांगून कंपनीकडून ती तेवढ्या वेळापुरती बंद करून घ्यावी. टॉवरच्या पाटीवर कंपनीचा नंबर असतो. 'बंद आहे' असे मालक म्हणाला म्हणून चढू नये, कंपनीच्या माणसाकडून पक्के करावे. ज्या कंपनीची ती अँटेना, तिच्याचकडून. टॉवर एकाचा आणि अँटेना तिघांच्या, असेही असते.

तीन, अँटेनाच्या मागून किंवा बरेच खालून काम करता येत असेल तर तसेच करावे. गोल ढोलकीसारख्या दिसणाऱ्या डिशसमोरही उभे राहू नये.

चार, अंग अकारण गरम वाटले तर लगेच बाजूला व्हावे. डोळ्यांना रक्ताचा पुरवठा कमी असतो, म्हणून ती उष्णता तिथून लवकर निघत नाही. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा जागी जाऊ नये.

पाच, लहरीच्या भीतीत उरलेले धोके विसरू नये. उंचीवरून पडणे, विजेचा धक्का, बॅटऱ्या, जनरेटरचे डिझेल, पावसाळ्यात कडाडणारी वीज. दोरी आणि पट्टा बांधल्याशिवाय वर जाऊ नये. मुकादमाने घाई केली तरी नाही म्हणावे. एका दिवसाची मजुरी बुडेल, ती पुन्हा कमावता येते.

इमारतीचे वजन

लहरींवर एवढी चर्चा होते, पण इमारत टॉवर पेलेल का, हे फारसे कोणी विचारत नाही. सांगाडा, बॅटऱ्या, जनरेटर, वाऱ्याचा जोर, हे सर्व जुन्या पिलरांवर येते. महाडकरांना याची वेगळी आठवण करून द्यायला नको. २४ ऑगस्ट २०२० रोजी काजळपुऱ्यातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जीव गेले. ती टॉवरमुळे पडली असे आम्ही मुळीच म्हणत नाही. इमारत कच्ची असली तर काय होते, ते आमच्या तालुक्याने पाहिले आहे, एवढेच. त्याआधी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने कोकणातला वारा किती जोराचा असू शकतो तेही दाखवले.

म्हणून टॉवरसाठी इमारतीच्या मजबुतीचा दाखला मान्यताप्राप्त संस्थेच्या इंजिनिअरकडून लागतो. तो नुसता कंपनीच्या फाइलीत नको, त्याची नक्कल मालकाकडे हवी. दाखला देणारा माणूस प्रत्यक्ष गच्चीवर आला होता का, पिलर तपासले का, हे विचारावे. बोल्ट मारताना गच्चीचे वॉटरप्रूफिंग फुटते आणि आमच्याकडे पाऊस कसा पडतो हे सांगायला नको. गळती झाली तर दुरुस्ती कोणाची, हे आधी लिहून घ्यावे. आमच्यासारख्या कापडवाल्याचा माल एका गळतीत जातो.

करार आणि फसवणूक

करार वाचताना इतके पाहावे. मुदत किती आणि मध्येच सोडण्याचा हक्क कोणाला? पुष्कळ करारांत कंपनी थोड्या दिवसांच्या नोटिशीवर जाऊ शकते, मालक मात्र बांधलेला राहतो. अँटेना किती, हे आकड्यात लिहिलेले आहे का? पुढे दुसरी कंपनी त्याच टॉवरवर आली तर भाडे वाढेल का, आणि समोरचे अंतर पुन्हा तपासले जाईल का? वीज, कर, विमा कोणाचा? जनरेटर आवाज न करणारा आहे का? कंपनी गेली तर सांगाडा कोण उतरवणार? २०१७-१८ च्या सुमारास कित्येक मोबाईल कंपन्या बंद पडल्या किंवा एकमेकींत मिसळल्या, तेव्हा अनेक गच्च्यांवर गंजलेले लोखंड तसेच राहिले. करार रजिस्टर करावा, आणि सही करण्याआधी आपल्या वकिलाला दाखवावा, दलालाच्या वकिलाला नव्हे. मशीद, मदरसा किंवा ट्रस्टची जागा असेल तर जमातीच्या तोंडी होकारावर भागत नाही. वक्फच्या मिळकतीचा लांब मुदतीचा करार वक्फ मंडळाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. शाळा-मदरशाच्या मुलांच्या डोक्यावर टॉवर घेण्याआधी तर दहा वेळा विचार करावा.

आता फसवणूक. 'तुमच्या जागेवर टॉवर लावा, लाखोंचे आगाऊ भाडे, घरातल्या एकाला नोकरी' अशा जाहिराती आणि फोन येतात. मग रजिस्ट्रेशन, ना-हरकत दाखला, सरकारी कर अशा नावाखाली हजारो रुपये मागतात. कागदावर सरकारी शिक्के असतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने वारंवार जाहीर केले आहे की टॉवरसाठी जागा भाड्याने घेण्याच्या व्यवहारात प्राधिकरणाचा किंवा दूरसंचार खात्याचा काही संबंध नसतो, आणि असा दाखला ते देत नाहीत. साधी कसोटी ध्यानात ठेवा. खरी कंपनी जागामालकाला पैसे देते, त्याच्याकडून मागत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

मोजणी कशी मागावी?

टॉवर नियमात आहे असे कंपनी स्वतः लिहून देते, आणि दूरसंचार खात्याची क्षेत्रीय कार्यालये त्यातल्या काही टॉवरांची दरवर्षी तपासणी करतात. मर्यादा मोडली तर दर टॉवरमागे दंड आहे, तो आधी ५ लाख होता, पुढे १० लाख करण्यात आला. मे २०१७ मध्ये खात्याने 'तरंग संचार' हे संकेतस्थळ सुरू केले. आपल्या भागात टॉवर कोठे आहेत, कोणत्या कंपनीचे आहेत, ते तिथे नकाशावर पाहता येते. फी भरून आपल्या जागेवर लहरींची मोजणीही मागता येते. सुरू झाले तेव्हा ही फी ४,००० रुपये होती. एका माणसाला ती जड वाटेल, पण गल्लीतल्या वीस घरांनी मिळून भरली तर घरामागे दोनशे रुपये पडतात. मोर्चा, बॅनर, तणातणी यांपेक्षा हे स्वस्त आहे आणि हातात आकडा येतो. आकडा मर्यादेत निघाला तर गल्ली शांत होईल, बाहेर निघाला तर कंपनीला ऐकावेच लागेल.

आम्ही काय केले?

आम्ही टेप घेऊन समोरच्या घरापर्यंतचे अंतर मोजले. ते १८ मीटर भरले. त्या घराची वरची खोली आमच्या गच्चीच्या उंचीची, आणि तिथे एक म्हातारी चाची व तिची नातवंडे झोपतात. दलालाला विचारले तर त्या बाजूला दोन अँटेना येणार होत्या, म्हणजे ३५ मीटर हवे. आम्ही नाही म्हटले. भाडे गेले, त्याचे वाईट वाटले, खोटे का बोला? पण रोज सकाळी दुकान उघडताना चाचींच्या सलामाला मान वर करून जवाब देता येतो.

तथापि टॉवरच नको, असे आम्ही म्हटले नाही. २२ जुलै २०२१ चा दिवस आमच्या भागातला माणूस विसरू शकत नाही. महाड पाण्याखाली गेले, आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. वीज गेली होती, फोन लागत नव्हते, रस्ते तुटले होते, आणि मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्या रात्री रेंजच्या एका काडीसाठी माणसे गच्चीवर फोन उंच धरून उभी होती. टॉवर आपल्याला हवाच आहे. तो योग्य जागी हवा, मोकळ्या जागेत, पुराच्या पाण्याच्या वर जनरेटर ठेवून, समोर घर नसेल असा. दलालाला आम्ही हेच सांगितले, आणि बाजाराबाहेरच्या मोकळ्या जमिनीचे दोन मालक दाखवून दिले.

आमच्या बांधवांना एवढीच विनंती. टॉवरचा दलाल दारात आला तर त्याला चहा पाजावा, पण सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. अँटेना किती, तोंड कोणीकडे, समोर कोण राहतो, इमारतीचा दाखला कोणाचा? उत्तर लेखी मिळाले तर पुढे जावे. आणि ज्यांच्या घरात रंगारी, वेल्डर, पत्रेवाला मुलगा असेल, त्यांनी आज रात्री जेवताना त्याला अँटेनाच्या तोंडासमोर उभे न राहण्याची गोष्ट जरूर सांगावी.